गावातल्या भजन-कीर्तनाचं मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग : नेमकी कोणती उपकरणं घ्यायची?

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. माझे आजोबा त्या सप्ताहात वर्षानुवर्षे पखवाज वाजवायचे. एका वर्षी मी ठरवलं की, काल्याचं कीर्तन नीट रेकॉर्ड करायचं. साउंडवाल्याकडून मिक्सरच्या रेकॉर्डिंग आऊटची वायर मागून घेतली, ती एका छोट्या स्टिरिओ रेकॉर्डरला जोडली आणि दोन तास निवांत बसलो.

घरी येऊन ऐकलं तर महाराजांचा आवाज अगदी स्वच्छ, पेटी ठीकठाक आणि पखवाज मात्र शेजारच्या वाड्यात कुणी वाजवतंय असा. टाळ तर जवळजवळ नाहीतच. पुढच्या वर्षीपासून आजोबांची बोटं साथ देईनाशी झाली आणि त्यांनी वादन थांबवलं. त्यांच्या हातचा पखवाज आज माझ्याकडे आहे तो असाच, भिंतीपलीकडून आल्यासारखा. कोणतंही सॉफ्टवेअर वापरून तो आता पुढे आणता येत नाही.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख. यात आपण पाहू : मल्टीट्रॅक म्हणजे काय, किती ट्रॅक लागतात, कोणत्या प्रकारचं मशीन कुणासाठी, आणि खरेदीत लोक कुठे फसतात.

मिक्सरमधून घेतलेलं रेकॉर्डिंग असं का येतं?

साउंडवाल्याचं काम असतं मंडपातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं करणं. जे मुळातच मोठ्याने वाजतं त्याला स्पीकरची गरज नसते, म्हणून तो ते कमी ठेवतो किंवा त्याला माईकच लावत नाही. पखवाज आणि टाळ मंडपात आपोआप ऐकू येतात. कीर्तनकारांचा आवाज मात्र वाढवावाच लागतो. मिक्सरच्या आऊटमध्ये फक्त वाढवलेलं तेवढंच जातं. म्हणून मंडपात जे सगळ्यात मोठं, तेच रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात लहान होतं. यात साउंडवाल्याची काही चूक नाही. त्याने त्याचं काम बरोबर केलं, मी माझं केलं नाही.

मल्टीट्रॅक म्हणजे काय?

खिचडी शिजल्यावर डाळ आणि तांदूळ वेगळे काढता येत नाहीत. स्टिरिओ रेकॉर्डिंग तसं असतं. मल्टीट्रॅक म्हणजे ताट : वरण वेगळं, भात वेगळा, भाजी वेगळी. प्रत्येक माईकचा आवाज एकाच वेळी पण स्वतंत्र फाइलमध्ये लिहिला जातो. नंतर घरी बसून पखवाज वाढवा, पेटी कमी करा, मध्येच कुणी खोकलं असेल तर फक्त त्या माईकचा तेवढा तुकडा बंद करा.

यासाठी फार ट्रॅक लागतातच असं नाही. बीटल्सचा १९६७ मधला ‘सार्जंट पेपर’ हा गाजलेला अल्बम मुख्यतः चार ट्रॅकच्या टेप मशीनवर झाला होता. पण ते स्टुडिओत होते, भरलेले ट्रॅक एकत्र करून पुन्हा जागा मोकळी करायचे. कीर्तनात ‘महाराज, पुन्हा एकदा म्हणा’ असं म्हणता येत नाही. म्हणून लाइव्ह कार्यक्रमात जेवढे स्रोत तेवढे ट्रॅक एकाच वेळी हवेत.

पहिली पायरी : दुकानाआधी कागद

मशीन बघण्याआधी तुम्ही जे रेकॉर्ड करणार आहात त्याची यादी करा. आपल्याकडच्या कार्यक्रमांचा माझा हिशोब असा आहे :

- भजन किंवा कीर्तन : मुख्य आवाज १, पेटी १, पखवाज २ (शाईची बाजू आणि कणकेची बाजू), टाळकरी १, मंडपाचा एकूण आवाज २. एकूण ७. पखवाजाला एकच माईक लावला तर ६.
- गोंधळ : मुख्य गोंधळी १, साथीदार १, संबळ १ किंवा २, तुणतुणं १, मंडप २. एकूण ६ ते ७.
- उरुसातली कव्वाली : मुख्य गायक २, पेटी १, तबला २, ढोलक १, मागच्या रांगेचा कोरस आणि टाळ्या १, मंडप २. एकूण ९.
- ऑर्केस्ट्रा किंवा जागरणाचा मोठा कार्यक्रम : ऑक्टोपॅड, कीबोर्ड, गिटार आणि तीन-चार गायक धरून १२ ते १६.

बघा, आपल्या भागातले बहुतेक कार्यक्रम ६ ते ९ मध्ये बसतात. बत्तीस ट्रॅकच्या मशीनसाठी कर्ज काढायचं काही कारण नाही. मंडपाच्या आवाजाचे दोन ट्रॅक मात्र कधीच सोडू नका. विठ्ठलनामाचा गजर, लोकांच्या टाळ्या, हे सगळं त्यातच असतं. ते नसेल तर रेकॉर्डिंग रिकाम्या खोलीत झाल्यासारखं वाटतं.

खरेदीत सगळ्यात जास्त फसवणारे दोन आकडे

एक : ‘१२ चॅनल मिक्सर, यूएसबीसह’. हे वाचून वाटतं की १२ ट्रॅक मिळतील. बहुतेक साध्या मिक्सरमध्ये ती यूएसबी फक्त दोन ट्रॅकची असते. उदाहरणार्थ, यामाहाचा एमजी१२एक्सयू हा चांगला मिक्सर आहे, पण त्याच्या यूएसबीमधून कॉम्प्युटरमध्ये दोनच चॅनल जातात. म्हणजे पुन्हा खिचडीच. बेहरिंगरच्या डिजिटल मिक्सरमध्येही हाच फरक आहे : एक्सआर१८ यूएसबीवरून १८ चॅनल वेगवेगळे देतो, पण दिसायला त्याचाच भाऊ असलेला एक्सआर१६ पेन ड्राइव्हवर फक्त स्टिरिओ लिहितो.

दोन : ‘१२ ट्रॅक रेकॉर्डर’. ट्रॅक आणि माईकच्या जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झूम लाइव्हट्रॅक एल-८ एकाच वेळी १२ ट्रॅक लिहितो, पण त्यात माईक लावायच्या जागा ६ आहेत. बाकीचे ट्रॅक लाइन इनपुटचे आणि तयार मिक्सचे.

म्हणून दुकानदाराला हे दोनच प्रश्न विचारा : ‘एकाच वेळी किती माईक लागतात?’ आणि ‘त्यातले किती वेगवेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात?’ दोन्ही उत्तरं आकड्यात मिळाली नाहीत तर पैसे काढू नका.

चार प्रकारची मशीन

१. हातातला रेकॉर्डर, माईकच्या जागांसह

झूम एच६ हे याचं ओळखीचं उदाहरण. चार माईक वायरने जोडता येतात आणि वरच्या टोकाला स्वतःचा स्टिरिओ माईक आहे. म्हणजे एकूण ६ ट्रॅक. चार पेन्सिल सेलवर चालतो, लॅपटॉप लागत नाही. गोंधळ किंवा छोट्या भजनासाठी हा पुरतो : चार माईक वाद्यांना आणि गायकाला, वरचा माईक मंडपाला. एकट्या माणसाने मोटारसायकलवर नेण्यासारखं दुसरं काही नाही.

२. रेकॉर्डर असलेला मिक्सर

झूम एल-८, एल-१२, टॅस्कॅम मॉडेल १२ या जातीचे. एसडी कार्डवर थेट लिहितात. एल-१२ आणि मॉडेल १२ मध्ये माईकच्या आठ-आठ जागा आहेत. भजनी मंडळाकडे स्वतःचा मिक्सर नसेल तर याच मशीनवर स्पीकरही चालवता येतो आणि रेकॉर्डिंगही होतं. एल-८ तर सेलवर किंवा पॉवर बँकवरही चालतो. आपल्या भागात लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ही गोष्ट छोटी नाही.

३. डिजिटल मिक्सर, मोबाईलवरून चालणारा

बेहरिंगर एक्सआर१८ मध्ये १६ माईकच्या जागा आहेत आणि वायफायवरून टॅबने किंवा फोनने तो चालवता येतो. पण मल्टीट्रॅक लिहायला त्याला लॅपटॉप लागतो. साउंडक्राफ्ट यूआय२४आर मध्ये थेट पेन ड्राइव्हवर २२ ट्रॅक लिहिता येतात आणि तो फोनच्या ब्राउझरमधूनच चालतो. ही मशीनं साउंडचा धंदा करणाऱ्यांसाठी किंवा चार गावांनी मिळून घेण्यासाठी. दोघांनाही सतत वीज लागते.

४. ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप

फोकसराइट स्कार्लेट १८आय२० किंवा बेहरिंगर यूएमसी१८२०. दोन्हींत आठ माईक लागतात, आणि एडॅट नावाच्या ऑप्टिकल वायरने आणखी आठ वाढवता येतात. घरी स्टुडिओ करायचा असेल तर हे उत्तम. पण मंडपात लॅपटॉप म्हणजे जास्तीची काळजी : अपडेट मध्येच सुरू होतं, यूएसबीची वायर कुणाच्या तरी पायात येते, आणि मे महिन्यातल्या परभणीच्या उन्हात तो तापतो ते वेगळंच.

‘पण माझ्याकडे फोन आहे ना!’

आहे, आणि तो उपयोगी आहे. पण त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या.

इंटरफेस ओटीजी वायरने अँड्रॉइड फोनला जोडला तरी बहुतेक रेकॉर्डिंग ॲप दोनच चॅनल पकडतात. शिवाय आठ माईकच्या इंटरफेसला लागणारी वीज फोन देऊ शकत नाही.

दुसरी युक्ती मित्रमंडळी करतात : चार फोन चार वाद्यांजवळ ठेवायचे, सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि नंतर ती टाळी जुळवून चारही फाइल एकत्र करायच्या. दहा मिनिटांच्या गाण्याला हे चालतं. पण प्रत्येक फोनच्या आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दोन फोनमध्ये दहा लाखात २० एवढा जरी फरक असला तरी एका तासात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. एवढ्या अंतरावर पखवाजाची एक थाप दोनदा वाजल्यासारखी ऐकू येते. म्हणून शेवटी पण एक टाळी वाजवा आणि फाइल तुकड्या-तुकड्याने जुळवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेकॉर्डिंग ॲपमध्ये ‘ऑटो गेन’ बंद करता येत असेल तर करा, नाहीतर प्रत्येक मोठ्या थापेनंतर आवाज दबतो आणि परत फुगतो.

साउंडवाल्याशी भांडण न करता आवाज कसा घ्यायचा?

गायकासमोर आधीच साउंडवाल्याचा माईक असतो. शेजारी दुसरा लावला तर महाराजांना अडचण. त्यावर तीन मार्ग आहेत :

- स्प्लिटर : एका माईकच्या दोन वायर होतात. एक साउंडवाल्याकडे, एक तुमच्याकडे. ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर घ्या, म्हणजे घुंघुं आवाज येत नाही आणि तुमच्या मशीनमुळे त्याचा स्पीकर बिघडत नाही. ४८ व्होल्टची फँटम पॉवर एकाच बाजूने द्या, आणि ती कोण देणार हे आधी ठरवा.
- इन्सर्ट किंवा डायरेक्ट आऊट : मोठ्या मिक्सरला प्रत्येक चॅनलमागे ही जागा असते. इन्सर्टमधून फेडरच्या आधीचा आवाज मिळतो, म्हणजे साउंडवाल्याने फेडर वर-खाली केला तरी तुमचं रेकॉर्डिंग बदलत नाही. हे विचारून, कार्यक्रमाच्या आधीच जोडा.
- मिश्र मार्ग : गायक आणि पेटी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या, आणि पखवाज, टाळ, मंडप यांना स्वतःचे माईक लावा. आमच्या गावच्या छोट्या मिक्सर-ॲम्प्लिफायरला ना इन्सर्ट आहे ना डायरेक्ट आऊट. तिथे हाच मार्ग चालला.

कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड असेल तर डीआय बॉक्स ठेवा. मंडपाच्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची घुंघुं त्याच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणाने बऱ्याचदा जाते.

माईक कोणते?

गायक, पखवाज आणि संबळ यांना डायनॅमिक माईक. शुअरचे एसएम५८ आणि एसएम५७ १९६० च्या दशकापासून जगभर वापरले जातात ते मजबुतीमुळेच. त्यांना फँटम पॉवर लागत नाही, पडले तरी सहसा चालतात, आणि समोरचंच जास्त ऐकतात. बाजारात यांच्या नकला खूप आहेत, म्हणून बिलाशिवाय घेऊ नका.

टाळांना माईक जवळ लावू नका. टाळाचा आवाज तीक्ष्ण असतो, कान किटतात. टाळकऱ्यांच्या डोक्यावरून, दीड-दोन मीटर लांब, एक कंडेन्सर माईक पुरे. दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. पखवाजापासून माईक २० सेंटीमीटरवर असेल तर पेटीचा माईक त्याच्यापासून ६० सेंटीमीटर तरी दूर हवा. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून मिक्स पोकळ वाटतो.

मेमरी, लेव्हल आणि वीज

४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही सेटिंग ठेवा. या सेटिंगवर एक ट्रॅक तासाला सुमारे ५१८ एमबी घेतो. आठ ट्रॅक म्हणजे तासाला साधारण ४.१ जीबी, आणि तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे साडेबारा जीबीच्या आसपास. ३२ जीबीचं कार्ड पुरतं, पण नामांकित कंपनीचंच घ्या आणि ते कॉम्प्युटरमध्ये नाही, त्या मशीनमध्येच फॉरमॅट करा.

लेव्हल लाल दिव्यापर्यंत नेऊ नका. साउंड चेकला सगळे हळू वाजवतात, गजर सुरू झाला की दुप्पट जोर येतो. म्हणून चेकच्या वेळी मीटरचा सगळ्यात वरचा टोक उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये कमी लेव्हल नंतर वाढवता येते, पण एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. झूम एफ६ सारख्या काही रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट असतं. त्यात लेव्हल चुकली तरी फाइल वाचते. मात्र माईकमध्येच आवाज फाटला तर त्यावर इलाज नाही.

विजेसाठी : मशीन सेलवर चालत असेल तर नवे सेल घालूनच बसा आणि वायरही जोडा. फक्त विजेवर चालत असेल तर छोटा यूपीएस हवाच. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहून उघडतच नाही, असं होऊ शकतं.

मग मी कुणाला काय सांगेन?

- अजून शिकताय, खिसा हलका आहे : आधी दोन डायनॅमिक माईक, स्टँड आणि चांगल्या वायर घ्या. मशीन एक दिवस भाड्याने आणा. माईक पुढे कोणत्याही मशीनला चालतात.
- एकटेच फिरून गोंधळ, भारूड, भजन जमवायचंय : झूम एच६ च्या जातीचा रेकॉर्डर.
- गावच्या भजनी मंडळासाठी : आठ माईकचा रेकॉर्डर-मिक्सर. वर्गणीतून घेण्यासारखी हीच वस्तू, कारण ती वर्षभर स्पीकरलाही कामी येते.
- साउंडचा धंदा आहे : यूआय२४आर किंवा लॅपटॉपसह एक्सआर१८.

नंतरच्या कामासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं.

आणि एक गोष्ट उपकरणांच्या यादीत नसते : परवानगी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. महाराजांना, मंडळाला आधी विचारा. कुठे टाकणार हे स्पष्ट सांगा आणि त्यांची प्रत त्यांना द्या.

शेवटी

दोन वर्षांनी मी त्याच मंडपात आठ माईकचा भाड्याचा रेकॉर्डर घेऊन गेलो. पखवाजावर आजोबा नव्हते, त्यांच्याकडे शिकलेला गावातलाच मुलगा होता. घरी आल्यावर आजोबांच्या कानाला हेडफोन लावला आणि फक्त पखवाजाचे दोन ट्रॅक चालू ठेवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि मध्येच म्हणाले, ‘‘हितं हात घाईत पडलाय बघ त्याचा. त्याला बोलव उद्या.’’

आता तो मुलगा आमच्याकडे येतो. मी पखवाजाचे ट्रॅक बंद करतो, बाकीचं कीर्तन चालू ठेवतो आणि तो त्यावर वाजवतो. चुकलं की आजोबा थांबवतात. खिचडी रेकॉर्ड केली असती तर हे जमलं नसतं. तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी वाजवणारं असेल तर मोठ्या मशीनची वाट बघू नका. या आठवड्यात कागद घ्या, स्रोत मोजा आणि पहिला माईक त्यांच्या वाद्यापुढे ठेवा.